रात्रीतच दगावणारा स्नॅपशॉट: एलव्हीएमचं एक चिवट दुखणं

शनिवार पेठेतल्या एका छापखान्याचा फाइल सर्व्हर माझ्याकडे आहे. डेबियन, दोन डिस्कांचा आरसा म्हणजे रेड 1, त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूम नावाच्या तुकड्यांत वाटून देणारी व्यवस्था), त्यावर साडेतीन टीबीचं एक्सएफएस, म्हणजे फाइल सिस्टिम, आणि सांबातून, म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटणाऱ्या प्रोग्रामातून, ते सगळ्या टेबलांवर पोचवलेलं. रात्री 11 ला क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, स्क्रिप्ट स्नॅपशॉट (व्हॉल्यूमचं त्या क्षणाचं गोठवलेलं रूप) घेते, तो माउंट करते, म्हणजे वाचता येईल असा जोडते, त्यातून बाहेरच्या डिस्कवर बॅकअप उतरवते आणि शेवटी स्नॅपशॉट काढून टाकते. फेब्रुवारी-मार्चात हे घड्याळासारखं चालतं. गणपतीच्या आधी मंडळांचे अहवाल सुरू झाले आणि मागोमाग दिवाळी अंक आले की आठवड्यातून दोन-तीन सकाळी मेल येतो: बॅकअप अर्धवट, इनपुट-आउटपुट एरर. दोन हंगाम हेच चाललं होतं.

कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर काय टाइप करायचं ते तुम्हाला कळेलच.

लक्षण ओळखणं सोपं आहे. सकाळी जर्नलसीटीएलला, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडला, फक्त कर्नलचे निरोप दाखवायला सांगा. 'इनव्हॅलिडेटिंग स्नॅपशॉट: अनेबल टू अलोकेट एक्सेप्शन' अशी एक ओळ असते, आणि तिच्याखाली त्याच डीएम डिव्हाइसच्या (ही स्नॅपशॉटची कर्नलमधली ओळख) रीड एररची रांग. व्हॉल्यूमची यादी देणारं एलव्हीएस मारलं तर स्नॅपशॉटच्या अ‍ॅट्रिब्यूटमधलं पाचवं अक्षर एरवी लहान 'ए' असतं, ते मोठा 'आय' झालेलं दिसतं, म्हणजे इनव्हॅलिड. डेटा टक्क्यांच्या रकान्यात 100. बॅकअपवाला प्रोग्राम बिचारा मधल्यामध्ये लटकलेला. रीड एरर पाहिल्यावर पहिल्यांदा माझ्याही पोटात गोळा आला होता, डिस्क गेली म्हणून. स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा, अहवाल दोनदा काढला. डिस्का ठणठणीत होत्या. मूळ व्हॉल्यूमला यात काहीही होत नाही, मरतो तो फक्त स्नॅपशॉट. आणि एकदा मेला की एलव्हीएक्स्टेंडने कितीही जागा दिली तरी तो उठत नाही. काढायचा आणि नवा घ्यायचा.

कारण तर समोरच लिहिलेलं आहे: स्नॅपशॉटची जागा भरली. म्हणून मीही सगळे करतात तेच केलं. 20 जीबीचा स्नॅपशॉट 40 चा केला. पुढच्या हंगामात 40 चा 80 केला. मरायची वेळ तेवढी पुढे सरकली.

मग ऑटोएक्स्टेंड, म्हणजे भरत आलेला स्नॅपशॉट आपोआप वाढवणं. एलव्हीएम डॉट कॉन्फमध्ये स्नॅपशॉट ऑटोएक्स्टेंड थ्रेशोल्ड मुळात 100 असतो, आणि 100 याचा अर्थ 'बंद'. अनेकांना वाटतं की शंभरला पोचल्यावर वाढेल. नाही वाढणार. तो 70 करा, पर्सेंट 20 राहू द्या, म्हणजे सत्तर टक्के भरला की आहे त्या आकाराच्या वीस टक्के जागा आपोआप जोडली जाते. पण हे काम करणारा डीएमइव्हेंटडी हा पाळत ठेवणारा प्रोग्राम जागा असला पाहिजे. एलव्हीएसला सेगमेंट मॉनिटरचा रकाना दाखवायला सांगा आणि स्नॅपशॉटपुढे 'मॉनिटर्ड' लिहिलंय का ते बघा. नसेल तर एलव्हीएमची मॉनिटर सर्व्हिस बंद पडलेली असते आणि तुमचा 70 चा आकडा नुसता शोभेला.

शिवाय वाढायला व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे सगळे व्हॉल्यूम ज्यातून कापले जातात त्या साठ्यात, जागा हवी. आमच्याकडे एकूण 130 जीबी मोकळे, त्यातले 80 आधीच स्नॅपशॉटला दिलेले, राहिले 50. हिशेब मांडला: 80 चे 96, मग 96 चे 115, आणि तिसऱ्या वेळी 23 जीबी लागणार तेव्हा शिल्लक 15. म्हणजे दोन पायऱ्या चढून पुन्हा तेच. एक्सएफएस लहान करून जागा काढावी म्हटलं तर तीही सोय नाही. ते वाढतं, आक्रसत नाही.

दोन जीबीचं गणित जुळेना

जे मला आधीच खटकायला हवं होतं ते इथे खटकलं. रात्री 11 ते सकाळी 6 मध्ये 80 जीबी बदललं, तर सकाळी ते कुठेतरी दिसायला नको का? मी तीन दिवस रात्री आणि सकाळी डीयू (फाइलींनी व्यापलेली जागा मोजणारी कमांड) करून आकडे लिहून ठेवले. फरक जेमतेम 2 जीबीचा. जुन्या फाइलींना कुणी हात लावलेला नाही, नव्या आलेल्या थोड्याशाच. मग 80 जीबी खाल्ले कुणी?

उत्तर मिळालं ते रात्रपाळीच्या ऑपरेटरकडून. तेही मी विचारलं म्हणून नव्हे. मी संध्याकाळी सर्व्हरपाशी बसलो होतो, तो चहा घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, एक सांगू का? अकरापर्यंत प्लेटा झरझर निघतात. अकरा वाजले की सर्व्हर पेंगायला लागतो. मालकांना सांगितलं तर म्हणतात, तूच पेंगत असशील."

अकरा म्हणजे स्नॅपशॉटची वेळ. साध्या, म्हणजे थिन (सामायिक साठ्यातून लागेल तशी जागा घेणाऱ्या) नसलेल्या स्नॅपशॉटची पद्धत समजून घेतली की हे पेंगणं समजतं. स्नॅपशॉट घेताना कशाचीच नक्कल होत नाही. त्यानंतर मूळ व्हॉल्यूमवर एखाद्या तुकड्यावर पहिल्यांदा लिहायची वेळ आली की आधी तिथला जुना मजकूर वाचायचा, तो स्नॅपशॉटच्या जागेत नेऊन ठेवायचा, त्याची नोंद करायची आणि मग नवा मजकूर लिहायचा. हा तुकडा एरवी 4 केबीचा असतो. एका लिहिण्याच्या जागी तीन-चार कामं, तीही फिरत्या डिस्कवर, मुंडी इकडून तिकडे पळवत. साहजिकच पेंगणार. पण याचा अर्थ असाही की ऑपरेटर रात्री प्लेटा काढतो तेव्हा सर्व्हरवर खूप काही लिहिलं जातं, आणि सकाळी त्याचा मागमूस नसतो.

मग मोजलं. एक साधं लूप: दर पाच मिनिटांनी एलव्हीएसमधून डेटा टक्के घ्यायचे, वेळेसह फाइलमध्ये टाकायचे. त्या रात्रीच्या नोंदी अशा होत्या: 11 ला शून्य, साडेबाराला 4 टक्के, आणि तिथून दर पाच मिनिटांना जवळजवळ अडीच टक्के, म्हणजे 80 जीबीतले 2 जीबी. पावणेचारला शंभर. दुसऱ्या रात्री मी स्वतः जागा राहून आयओटॉप (कोणता प्रोग्राम डिस्कवर किती लिहितोय ते दाखवणारा) एकत्रित बेरजेच्या पर्यायासह चालवला. लिहिणाऱ्यांत सगळ्यात वर एसएमबीडी, म्हणजे कुणीतरी सांबातून लिहितंय. एसएमबीस्टेटसला उघड्या फाइलींची यादी मागितली तर सगळ्या एकाच फोल्डरातल्या: रिपचा आउटपुट.

ज्यांना छपाईचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पानांची पीडीएफ प्लेटवर जायच्या आधी रिप नावाचा प्रोग्राम तिचे ठिपके करतो, प्रत्येक रंगाचा एक वनबिट टिफ, म्हणजे दर ठिपक्याला एकच बिट असलेलं चित्र. 20 बाय 30 इंचांची शीट 2400 डीपीआयला धरली तर 48,000 गुणिले 72,000 ठिपके. कॉम्प्रेशन न लावता एका रंगाचे सुमारे 430 एमबी. चार रंग म्हणजे एका बाजूचे पावणेदोन जीबी. प्लेट निघाली की रिप ती फाइल स्वतःच पुसून टाकतो. पहाटे दुरुस्ती आली की तीच बाजू पुन्हा रिप होते. रात्रभर फाइली येतात आणि जातात, सकाळी फोल्डर रिकामं. डीयूला कसं कळणार?

इथे माझाच एक समज आडवा आला होता, आणि तो बऱ्याच जणांचा असतो: 'नव्या फाइलीने स्नॅपशॉट भरत नाही, तो भरतो जुनी फाइल बदलल्यावर.' चूक. एलव्हीएमला फाइल कळत नाही, ब्लॉक कळतो. फाइल सिस्टिमच्या दृष्टीने जो ब्लॉक मोकळा आहे, तोही एलव्हीएमच्या दृष्टीने भरलेलाच आहे. रिपने मोकळ्या जागेत दोन जीबीची कोरी फाइल लिहिली तरी तिथे पूर्वी जो काही कचरा होता तो एलव्हीएम इमानेइतबारे उचलून स्नॅपशॉटमध्ये जपून ठेवतं. 80 जीबीचा स्नॅपशॉट बहुतांशी पुसलेल्या फाइलींच्या राखेने भरत होता! तोच ब्लॉक दुसऱ्यांदा लिहिला तर पुन्हा नक्कल होत नाही हे खरं, पण पुसलेली जागा लगेच तीच परत मिळेल याची काही हमी नसते. फाइल सिस्टिम दुसरीकडेही जागा देते आणि नव्या-नव्या ब्लॉकना हात लागत जातो.

म्हणून तुमच्याकडे रात्री स्नॅपशॉट मरत असेल तर 'किती डेटा वाढला' हे बघत बसू नका. त्या वेळात किती लिहिलं जातं ते बघा. छापखान्यात रिप निघाला. दुसरीकडे व्हिडिओ एडिटिंगची कॅश असेल, डेटाबेसचा रात्रीचा डंप असेल, मोठ्या झिप बनवून अपलोड झाल्यावर पुसणारी एखादी स्क्रिप्ट असेल. एक्सएफएस असेल तर क्रॉनमध्ये आधीच्या कुणी एक्सएफएस-एफएसआर लावून ठेवलाय का तेही तपासा. तो फाइली नीट लावायच्या म्हणून त्या नव्या जागी लिहून काढतो, स्वतःहून दोन तासांनी थांबतो, आणि त्या दोन तासांत स्नॅपशॉटचा फडशा पाडतो. मजकूर एका अक्षरानेही बदललेला नसतो.

काय केलं

रिपच्या फोल्डरचा बॅकअप कुणालाच नको आहे. प्लेट निघाली की त्याची किंमत शून्य, आणि पीडीएफ तर आहेच. मग ते स्नॅपशॉट घेतल्या जाणाऱ्या व्हॉल्यूमवर असायचं कारणच काय? तपकीर गल्लीतून 500 जीबीची एसएसडी आणली, ती त्याच व्हॉल्यूम ग्रुपात जोडली. एलव्हीक्रिएटच्या शेवटी डिस्कचं नाव दिलं की व्हॉल्यूम नेमका त्याच डिस्कवर बनतो. तसा 300 जीबीचा वेगळा व्हॉल्यूम केला आणि रिपच्या जुन्या फोल्डरच्याच जागी माउंट केला. ऑपरेटरच्या मशीनवर काही बदलायची गरज पडली नाही, पाथ तोच. स्नॅपशॉट माउंट केल्यावर मात्र ते फोल्डर रिकामं दिसतं, कारण स्नॅपशॉट एकाच व्हॉल्यूमचा असतो. ते बघून दचकू नका.

दुसरी गोष्ट, स्नॅपशॉटसुद्धा त्याच पद्धतीने एसएसडीवरच बनवायला लावला, 100 जीबीचा. उरलेली साठ-पासष्ट जीबी ऑटोएक्स्टेंडसाठी मोकळी ठेवली. जुना मजकूर फिरत्या डिस्कवरून वाचला जातो पण लिहिला जातो एसएसडीवर, त्यामुळे मुंडीची धावपळ पुष्कळ कमी होते. एसएसडीला आरसा नाही, ती गेली तर त्या रात्रीचं रिपचं काम आणि स्नॅपशॉट जाईल. मूळ डेटा दोन डिस्कांवर शाबूत. हा सौदा मला मान्य आहे. फक्त स्नॅपशॉट रात्रीपुरताच जगवायचा, दिवसा लोंबकळत ठेवायचा नाही.

त्यानंतरच्या दिवाळीच्या गर्दीत सर्वात वाईट रात्री डेटा टक्के 11 च्या वर गेले नाहीत. ऑपरेटर म्हणाला, आता पेंगतो तो मीच.

चंक साइझ, म्हणजे नकलेच्या तुकड्याचा आकार, वाढवून बघितलंत का, असं एकाने विचारलं. बघितलं, आणि परत 4 केबीवर आणलं. मोठ्या सलग फाइलींना मोठा तुकडा बरा, पण या सर्व्हरवर बारीकसारीक, विखुरलेलं लिहिणं असतं. 256 केबीचा तुकडा केला तर 4 केबी बदलायला 256 केबी उचलले जातात.

वाटेत आलेले खडे

एक्सएफएसचा स्नॅपशॉट मूळ व्हॉल्यूम माउंट असताना माउंट करायला गेलात तर 'डुप्लिकेट यूयूआयडी' म्हणून नकार येतो. दोघांचा यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक, एकच असणार, नक्कलच आहे ती. माउंटला नोयूयूआयडी हा पर्याय द्यायचा. काही जण सुरक्षित म्हणून स्नॅपशॉटच रीड-ओन्ली घेतात, मग एक्सएफएसला स्वतःचा लॉग खेळवता, म्हणजे अर्धवट राहिलेल्या नोंदी पूर्ण करता, येत नाही आणि ते पुन्हा अडतं. तेव्हा नोरिकव्हरीही द्यावं लागतं. मी स्नॅपशॉट लिहिता येण्याजोगा घेतो आणि माउंट रीड-ओन्ली करतो, कटकट मिटते.

एलव्हीरिमूव्ह 'फाइल सिस्टिम वापरात आहे' म्हणत अडून बसलं तर आधी फाइंडमाउंट (काय कुठे माउंट आहे), मग एलएसओएफ (कोणती फाइल कुणी उघडलीय). तरीही कुणी सापडलं नाही तर प्रॉकमधल्या प्रत्येक प्रोसेसच्या माउंटइन्फोमध्ये स्नॅपशॉटचं नाव शोधा. स्वतंत्र माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे माउंटांची स्वतःची वेगळी यादी घेऊन, सुरू झालेली एखादी सर्व्हिस तो धरून बसलेली असते, आणि बाहेरून अनमाउंट झाल्यासारखा दिसतो. मी एकदा अर्धा तास हा चोर शोधत होतो. चोर मीच. टीमक्स या टर्मिनल उघडं ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या एका विसरलेल्या खिडकीत आदल्या आठवड्यात त्याच डिरेक्टरीत शिरून बसलो होतो.

थिन पूलवर का जात नाही? तिथे स्नॅपशॉटला आधी जागा बांधून द्यावी लागत नाही, वेगही चांगला. पण तिथे भरतो तो आख्खा पूल, आणि तो भरला की मूळ व्हॉल्यूमचं लिहिणंही अडतं. इथे निदान मरतो तो फक्त स्नॅपशॉट. वर थिनचा मेटाडेटा वेगळा भरतो आणि त्याचा टक्का वेगळ्या रकान्यात असतो, तो बघायची सवय नसेल तर महागात पडतं. जे गेलेच असतील त्यांच्यासाठी एक: थिन स्नॅपशॉट मुळात अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, एलव्हीचेंजला मोठा 'के' द्यावा लागतो. 'स्नॅपशॉट झाला पण डिव्हाइस दिसत नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

गुरुवार

हे सगळं मार्गी लावताना आणखी एक गोष्ट सापडली, आणि तिने माझी झोप जास्त उडवली. स्नॅपशॉट मरतो तेव्हा निदान मेल येतो. हिच्यात सगळं ठीक असल्याचा मेल येत होता.

पुण्यात गुरुवार म्हटला की पाणी नाही, आणि बऱ्याच भागांत देखभालीच्या कामासाठी काही तास वीजही नाही. सर्व्हर यूपीएसवर होता, पण बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कचा अ‍ॅडॅप्टर मात्र भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. वीज गेली की ती डिस्क नाहीशी व्हायची, परत आली की दुसऱ्याच नावाने उगवायची, आणि जुनं माउंट तसंच लोंबत राहायचं. रात्री 11 ला स्क्रिप्ट स्नॅपशॉट घ्यायची, बॅकअप लिहायला जायची, तिथे आपटायची आणि स्नॅपशॉट न काढताच बाहेर पडायची. गुरुवारचा मेल लाल. शुक्रवारी मी फोनवरून डिस्क नीट माउंट करायला सांगायचो. त्या रात्री एलव्हीक्रिएट म्हणायचं, 'या नावाचा व्हॉल्यूम आधीच आहे.' स्क्रिप्ट ते कानाआड करून पुढे जायची, आधीच माउंट असलेल्या गुरुवारच्या स्नॅपशॉटमधून बॅकअप घ्यायची, शेवटी तो काढून टाकायची, आणि शेवटची कमांड नीट झाली म्हणून मेल हिरवा. गर्दीच्या दिवसांत तो स्नॅपशॉट शुक्रवारी दुपारीच भरून मरायचा आणि मेल लाल यायचा, ते मी नेहमीच्या दुखण्यात जमा करायचो. शांत महिन्यांत मात्र तो रात्रीपर्यंत तगायचा. शुक्रवारच्या तारखेचा बॅकअप, आत मजकूर गुरुवारी रात्री 11 चा. हिरवा मेल कोण उघडून बघतं?

स्क्रिप्ट नव्याने लिहिली. कुठलीही कमांड फसली की तिथेच थांबायचं. कसंही बाहेर पडलं तरी अनमाउंट आणि एलव्हीरिमूव्ह होणारच, यासाठी ट्रॅप. स्नॅपशॉटच्या नावात तारीख आणि वेळ. सुरुवातीलाच जुना स्नॅपशॉट राहिलाय का ते बघून मेल. बॅकअपची डिस्क खरंच माउंट आहे का, हे माउंटपॉइंट कमांडने तपासल्याशिवाय स्नॅपशॉट घ्यायचाच नाही, आणि ती डिस्क एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं याची यादी) नावाने नव्हे, यूयूआयडीने. दोन प्रती एकदम चालू नयेत म्हणून एफलॉक. शिवाय दर वेळी बॅकअपच्या आधी मूळ व्हॉल्यूमवर एका छोट्या फाइलीत वेळ लिहायची आणि बॅकअप झाल्यावर तीच फाइल बॅकअपमधून वाचून ताडायची. वेळ जुळली तरच हिरवा मेल.

अ‍ॅडॅप्टर यूपीएसवर हलवला. मालकांनी त्यावर लगेच पाटी चिकटवली: 'ही पिन काढणाऱ्याने सगळे अंक हाताने पुन्हा जुळवून द्यावेत.'

मग बाहेरच्या डिस्कवरचे शुक्रवारचे जुने बॅकअप एकेक उघडून बघितले. तीन ठिकाणी तारीख एक आणि मजकूर आदल्या रात्रीचा निघाला. ते पुसले नाहीत, फोल्डरच्या नावापुढे 'गुरुवारचा' एवढं लिहून ठेवलं.